बहिरम ते काटकुंभ: शिधा, बाजार आणि डोंगरवाट

गाविलगडच्या डोंगररांगेतून पायी जायचे असेल, तर वाटेच्या हिशेबाआधी शिध्याचा हिशेब मांडावा लागतो. वऱ्हाडच्या सपाटीवर पायथ्याशी संत्र्याच्या बागा, दर तासाला एसटी आणि गावोगावी भरलेली किराणा दुकाने आहेत. परंतु घाट चढून गेल्यावर गावे विरळ होतात, दुकान म्हणजे घराच्या ओसरीवरच्या दोन फळ्या उरतात आणि त्या फळ्यांवर काय मिळेल हे आठवड्याच्या वारावर ठरते. वाट आम्ही अशी आखली होती: अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यातील बहिरमपासून निघून परतवाडा, तेथून पायथ्याच्या धामणगाव गढीवरून चिखलदरा, पुढे घटांग आणि शेवटी चिखलदरा तालुक्याच्या ईशान्येकडील काटकुंभ. याच डोंगरातील मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून त्याच्या गाभा क्षेत्रात पायी हिंडण्यास मनाई आहे. म्हणून सेमाडोह, कोलकास, हरिसाल हा देखणा पट्टा आम्ही मुद्दाम वगळला, संपूर्ण वाटचाल गावांना जोडणाऱ्या रस्त्यांनीच ठेवली आणि सूर्यास्तानंतर चालायचे नाही असा नियम केला.

आमच्यात मावसभाऊ, वहिनी, आमच्या गावातील निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, आणि मी असे चौघे होतो. शिध्याची सारी आखणी वहिनींनी केली. पंढरीच्या पायी वारीत दिंडीचा कोठीघर सांभाळण्याचा त्यांना अनुभव आहे, आणि चालणाऱ्या माणसाला काय लागते व काय नुसते ओझे होते, हे त्यांच्याइतके नेमके सांगणारे कोणी मला भेटलेले नाही.

दूर पल्ल्याच्या डोंगरवाटा जगात अनेक आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागातील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही सुमारे ४,२६५ किलोमीटरची वाट चालणारे लोक तीन ते सहा दिवस पुरेल एवढेच अन्न पाठीवर घेतात, वाटेजवळच्या गावात उतरून पुन्हा भरतात, आणि जेथे दुकान नाही तेथे आधीच टपालाने खोके पाठवून ठेवतात. ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही, पण तिच्यातला विचार घेण्यासारखा आहे: संपूर्ण प्रवासाचे अन्न कधीच एकदम उचलायचे नसते, वाटेचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला भरणा करायचा. आपल्या डोंगरात हे टोक अंतरावरून ठरवता येत नाही. ते आठवडी बाजारावरून ठरवावे लागते. परतवाड्याकडचे व्यापारी टेम्पोत माल भरून रोज वेगवेगळ्या गावच्या बाजाराला जातात, गावातले छोटे दुकानदारही त्याच दिवशी आपला माल भरून घेतात, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी त्या गावात कांदासुद्धा मिळण्याची खात्री नसते. म्हणून आम्ही आधी काटकुंभचा बाजार कोणत्या वारी भरतो हे तेथील दुकानदाराला फोनवर विचारले, तो दिवस वाटचालीचा शेवटचा दिवस धरला आणि उलट मोजत निघण्याचा दिवस काढला. हंगाम डिसेंबरअखेरचा निवडला, कारण तेव्हा ओढ्यांना आणि हातपंपांना पाणी असते, बहिरमची यात्रा भरलेली असते आणि जंगलातील वणव्याचा काळ, जो वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतो, अजून दूर असतो.

वजनाचा हिशेब वहिनींनी घरच्या काट्यावर केला. माणशी रोज ज्वारी-गव्हाचे पीठ २५० ग्रॅम, सातू, म्हणजे भाजलेल्या गहू-हरभऱ्याचे पीठ, १०० ग्रॅम, तुरीची किंवा मुगाची डाळ ८० ग्रॅम, शेंगदाणे ८० ग्रॅम, गूळ ६० ग्रॅम, फुटाणे ५० ग्रॅम आणि तेल ३० ग्रॅम, असे एकूण ६५० ग्रॅम. यातून सुमारे २,६०० कॅलरी मिळतात. दिवसभर ओझे घेऊन चढउतार करणाऱ्याला ते थोडे कमी पडते. परंतु मुक्कामाच्या गावी दूध, भाजी, फळ मिळेल तेथे घेऊन ती तूट भरायची, असे ठरले. तीन दिवसांचे अन्न माणशी दोन किलोच्या आत बसले आणि त्यावर तीन लिटर पाणी, म्हणजे पाण्याचे वजन अन्नापेक्षा जास्त झाले. ज्यांना ओझे हलके करायचे आहे त्यांनी डाळीत काटकसर करण्यापेक्षा वाटेवरचे हातपंप कोठे आहेत हे आधी विचारून घ्यावे.

पिठाच्या बाबतीत एक मर्यादा आहे, जी शहरातल्या भटक्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकर थापताना कडा चिरतात आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे होतात. ताज्या दळणाची भाकर तीन-चार दिवस उत्तम जमते. पुढे गरम पाण्यात पीठ मळून वेळ मारून नेता येते, पण ती भाकर खाणाऱ्याला समाधान देत नाही. गव्हाच्या पिठाचे तसे होत नाही. म्हणून पहिल्या दोन दिवसांना ज्वारी आणि नंतर मिसळ पीठ अशी विभागणी केली, आणि जेथे चक्की आहे तेथे थोडी ज्वारी दळून घ्यावी म्हणून दोन किलो ज्वारी तशीच सोबत घेतली.

पहिला दिवस: बहिरम ते परतवाडा

बहिरमला यात्रा ऐन भरात होती. टेकडीवरील बहिरमबुवाच्या लोणी-शेंदराने माखलेल्या मूर्तीचे दर्शन घेऊन आम्ही खाली आलो, तेव्हा राहुट्यांसमोर गोवऱ्यांचे हारे पेटले होते आणि त्यात रोडगे भाजले जात होते. बहिरमची यात्रा आणि मातीच्या हंडीतील मटण व रोडगे यांचे नाते साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. आम्ही माळकरी, त्यामुळे आमच्या वाट्याला वांग्याची भाजी आणि वरण आले, पण आमचे खरे लक्ष रोडग्यांकडे होते. जाडसर गव्हाच्या पिठाचे, घड्या घालून वळलेले आणि निखाऱ्यात मंद भाजलेले हे गोळे आतपर्यंत शिजलेले असतात. तुपात बुडवले नाहीत, कोरडेच फडक्यात बांधले, तर थंडीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात. वाटेत चूल पेटवायची नसेल तर याहून भरवशाचे अन्न कोणते? आम्ही माणशी तीन रोडगे घेतले. सोबत जवसाची चटणी होतीच.

परतवाड्याकडचा रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चालू होती आणि तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. एका शेतावर विचारून किलोभर ओल्या शेंगा विकत घेतल्या, कारण रात्री परतवाड्याला एका नातेवाइकांकडे मुक्काम होता आणि सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, आमटी करण्यासारखी चूल तेथे मिळणार होती.

परतवाडा हा डोंगर चढण्याआधीचा शेवटचा मोठा बाजार. औषधे, टॉर्चचे सेल, चांगला गूळ, दुधाची भुकटी, हवाबंद पिशव्या, यांपैकी जे लागणार आहे ते येथेच घ्यावे. चिखलदऱ्याला यातील बरेचसे मिळते, पण तेथील दुकाने पर्यटकांच्या गरजेप्रमाणे भरलेली असतात. त्या संध्याकाळी वहिनींनी सर्व शिधा दिवसागणिक वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत भरला आणि प्रत्येक पिशवीला वाराची चिठ्ठी बांधली. एकच मोठी पिशवी ठेवली की पहिल्या दोन दिवसांत गूळ-शेंगदाण्यांचा फन्ना उडतो आणि शेवटच्या दिवसांना नुसती डाळ उरते, हे त्यांचे वारीतले निरीक्षण आहे.

याच मुक्कामी एक महत्त्वाचे काम उरकले. काटकुंभच्या अलीकडच्या एका गावातील आश्रमशाळेत गुरुजींचे एक माजी विद्यार्थी शिक्षक आहेत. ते सुटी संपवून दुसऱ्या दिवशीच एसटीने वर जाणार होते. त्यांच्याकडे आम्ही पत्र्याचा एक डबा दिला. त्यात दीड किलो सातू, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, मुगाच्या वड्या, तिळाची चटणी आणि पायाला बांधायच्या पट्ट्या होत्या. टपालाच्या खोक्याची जागा आमच्यासाठी या डब्याने घेतली. ओळखीचा माणूस आणि मुक्कामी एसटी यांच्या भरवशावर आपल्या भागात डबे, औषधे, लग्नाच्या पत्रिका सारे काही पोहोचत आले आहे; डोंगरवाटेच्या आखणीतही ही व्यवस्था अवश्य धरावी, फक्त डबा पोहोचल्याचा निरोप मिळेपर्यंत त्यातील मालावर विसंबून पिशवी हलकी करू नये.

दुसरा दिवस: धामणगाव गढी

हा दिवस लहान ठेवला होता. दुपारी पायथ्याशी पोहोचलो, उरलेले रोडगे संपवले, आणि ताजी ज्वारी दळून घेतली. संध्याकाळी वहिनींनी दुधात गूळ विरघळवून त्यात पीठ मळले व दशम्या केल्या. पाण्याऐवजी दुधात मळल्यामुळे दशमी मऊ राहते आणि थंडीत दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशीच्या चढणीचे जेवण असे तयार झाले.

तिसरा दिवस: चिखलदऱ्याचा घाट

पायथ्यापासून चिखलदऱ्यापर्यंत सुमारे ७०० मीटरची उंची चढावी लागते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. चढणीच्या दिवशी पोटभर जेवून निघू नये. आम्ही पहाटे सातूचे पातळ पेय घेतले, आणि मग दर तासाला थांबून मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा, असा क्रम ठेवला. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५७० कॅलरी असतात. तेल सोडले, तर वजनाच्या मानाने इतकी शक्ती देणारे आणि खेड्यातल्या प्रत्येक दुकानात मिळणारे दुसरे अन्न नाही. गुरुजींचे वय सत्तरीला टेकलेले, तरीही ते आमच्याहून संथ आणि न थांबता चढले. त्यांच्या खिशात फुटाणे होते आणि ते एकेक दाणा चघळत चालले होते.

घाटात माकडे आणि वानरे रस्त्याच्या कठड्यांवर बसलेली असतात. येणारेजाणारे त्यांना बिस्किटे टाकतात, त्यामुळे हातात पिशवी दिसली की ती अंगावर येतात. खाण्याचे सामान पाठीवरच्या पिशवीत तळाशी ठेवावे, वासाच्या वस्तू डब्यात बंद कराव्यात आणि वानरांसमोर काही खाऊ नये. अस्वलांच्या बाबतीत तर याहून दक्षता हवी. मेळघाटात अस्वले आहेत, गोड वासाकडे ती ओढली जातात, म्हणून रानाजवळच्या मुक्कामात गूळ आणि सातू आम्ही झोपण्याच्या जागी कधीच ठेवला नाही; यजमानांच्या घरात, मांडणीवर ठेवला.

घाट संपता संपता मोथा गाव लागते. येथे गवळ्यांची वस्ती आहे आणि दूधदुभते मुबलक आहे. चढण चढून आलेल्या माणसाला येथले सायीचे दही म्हणजे मोठी मेजवानी. आम्ही दशम्या त्या दह्याबरोबर खाल्ल्या. थोडा खवाही घेतला. खवा तसा टिकाऊ नाही, पण वरची थंडी लक्षात घेता दोन दिवस राहील असा वहिनींचा अंदाज होता आणि तो बरोबर ठरला.

चौथा दिवस: चिखलदरा आणि गाविलगड

हा विश्रांतीचा आणि भरण्याचा दिवस. विदर्भातले हे थंड हवेचे ठिकाण, शिवाय कॉफी पिकणारे. त्यामुळे सुटीच्या दिवसांत गर्दी असते. या गर्दीचा शिध्याशी थेट संबंध आहे. शनिवार-रविवारी दूध, अंडी, पाव, भाजी हे सारे हॉटेलवाले सकाळीच उचलतात. किराणा मात्र मिळतो. आम्ही सकाळी सातलाच बाजारात गेलो आणि बटाटे, कांदे, लसूण व पुढच्या तीन दिवसांसाठी डाळ घेतली. भाजीत बटाटा आणि कांदा यांपलीकडे जाऊ नये. टोमॅटो पिशवीत चिरडतात आणि पालेभाजीचे नुसते पाणी वाहून नेल्यासारखे होते. पालेभाजी हवीच असेल तर वाळवलेली न्यावी.

दुपारी गाविलगडावर गेलो. बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्या काळात, पंधराव्या शतकात, उभा राहिलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी घेतला. त्या लढाईतील शौर्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. मला मात्र त्या वेळी तटावर उभे राहून उत्तरेकडच्या डोंगरांकडे पाहताना रसदीचाच विचार येत होता. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने आपल्या सरकारला पाठवलेल्या अहवालात नोंदवले आहे की त्याच्या हाताखालील कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा आणि सामान सुमारे ३० मैल डोंगर-दऱ्यांतून माणसांच्या हातांनी ओढत आणले, आणि त्यासाठीचे रस्तेही सैनिकांना आधी स्वतः करावे लागले. डिसेंबरचाच महिना, हेच डोंगर. तोफांआधी आणि तोफांमागे जी माणसे व जनावरे चालत होती त्यांना रोज काहीतरी खायला लागत असणार, आणि ते धान्य कोठल्या तरी गावांतूनच आले असणार. किल्ल्याच्या इतिहासात या भाकरीची नोंद कोणी सविस्तर करून ठेवावी, असे मला मनापासून वाटते. किल्ल्यावर तलाव आहेत, भक्कम दरवाजे आहेत. वेढ्यात टिकून राहण्याची सारी व्यवस्था पाणी आणि धान्य यांभोवतीच रचलेली दिसते.

रात्री थंडी कडक पडली. सपाटीवर जेवढे जेवण पुरते तेवढे वर पुरत नाही, हा अनुभव सर्वांना आला. गरम डाळ-भाकरीनंतरही गुरुजींनी खव्याची वडी मागून घेतली.

पाचवा दिवस: घटांग

चिखलदऱ्याहून घटांगला जाणारी वाट रानातून जाते. पाणी दोन ठिकाणी मिळाले. सकाळी दशम्या, दुपारी सातू, रात्री पिठले-भाकर. आमच्याकडे त्याला बेसनच म्हणतात. घटांग हे परतवाडा-सेमाडोह रस्त्यावरचे गाव असल्याने चहा, दूध आणि किरकोळ किराणा मिळतो. परंतु पुढच्या दोन दिवसांचा भरणा येथून होईल असे धरून चालू नये.

सहावा दिवस: कोरकू गावातला मुक्काम

आखणीची खरी परीक्षा या दिवशी झाली. रस्ता चढउतारांचा, वस्ती विरळ, आणि काटकुंभचा बाजार दुसऱ्या दिवशी, म्हणजे वाटेतली सर्व दुकाने रिकामी होण्याची वेळ. मुक्कामाच्या गावी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. सोबतची ज्वारी दळून घ्यावी म्हणून मावसभाऊ चक्कीची चौकशी करायला ओसरीवरच्या दुकानात गेला. दुकानदार मूळचे अचलपूरकडचे. ते म्हणाले, “चक्की बंद हाये भाऊ, सकाळपासून लाइनच नाई. अन् दुकानात म्हनसान त मीठ अन् काडीपेटी भेटन. बाकीचं समदं उद्या बजारातून आननार हाव.” काही बिस्किटे आणि मीठ एवढाच माल फळीवर होता.

वहिनींनी सातूची तजवीज अशाच प्रसंगासाठी केली होती. सातूला चक्की लागत नाही, चूल लागत नाही, फार पाणीही लागत नाही. गहू आणि हरभरा डाळ भाजून दळलेले ते पीठ गुळाच्या पाण्यात कालवले की जेवण तयार होते, आणि पचायलाही हलके. शिवाय आश्रमशाळेतील डबा सुखरूप पोहोचला होता. गुरुजींचे विद्यार्थी तो घेऊन स्वतः गावाच्या वेशीपर्यंत आले; “गुरुजी, तुम्ही पायी आले अन् मी एसटीनं, मलाच लाज वाटते,” असे म्हणत त्यांनी गुरुजींच्या पाया पडून डबा हाती दिला. वाळवलेली हरभऱ्याची भाजी डाळीत शिजवली तेव्हा घरचा वास आला.

मुक्काम एका कोरकू आदिवासी कुटुंबाच्या अंगणात होता. घरातील आजींनी आम्हांला कुटकीचा भात दिला. कुटकी आणि कोदो ही या डोंगरातली जुनी भरडधान्ये. पातळ, दगडगोट्यांच्या जमिनीत आणि थोड्या पाण्यावर येणारी. कुटकीचा दाणा अगदी बारीक असतो, लवकर शिजतो आणि वजनाला सुटसुटीत आहे. डोंगरवाटेच्या शिध्यात तांदळाऐवजी कुटकी न्यावी, असे माझे त्या रात्री पक्के मत झाले. आम्ही आजींना विकत मागितली, तेव्हा त्यांच्या मुलाने घरची गरज मोजून पाहिली आणि मगच एक किलो दिली.

त्या मोजण्याबद्दल येथे थोडे लिहिणे आवश्यक आहे. मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न १९९० च्या दशकापासून विधिमंडळात आणि न्यायालयात मांडला जात आहे. अशा प्रदेशात पैसे घेऊन फिरणाऱ्याने अन्न कोठून आणि किती घ्यावे, हा शिध्याच्या आखणीचाच भाग आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य गटातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. आम्ही चौघे रोज एक किलो पीठ खात होतो. म्हणजे पाच दिवसांत एका माणसाचा महिन्याचा वाटा. हे गणित समोर ठेवले की रेशनचे धान्य कोणी आपण होऊन विकायला काढले तरी ते घेऊ नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. अडीअडचणीला लागणारे पीठ, डाळ, तेल सपाटीवरूनच आणावे; डोंगरातल्या गावात त्या त्या हंगामात जे जास्तीचे निघते तेच घ्यावे, म्हणजे दूध, खवा, तुरीच्या शेंगा, रानातला मध, बाजारात विकायला आणलेली भाजी. बाजाराच्या आदल्या दिवशी तर रिकाम्या फळीवरचा शेवटचा पुडाही मागू नये, कारण रात्री तो गावातल्याच कोणाला तरी लागतो. एक दिवसाचे सुके अन्न नेहमी जास्त ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

सातवा दिवस: काटकुंभचा बाजार

पहाटेपासून रस्त्याला माणसे लागली. डोक्यावर टोपली, कडेवर मूल, हातात कोंबडी, असे सारे गाव बाजाराला निघाले होते आणि आम्ही त्यांच्यात मिसळून चाललो. आदल्या दिवशी जी वाट लांबलचक वाटली असती ती या सोबतीत सहज सरली. काटकुंभला पोहोचलो तेव्हा टेम्पोवाल्यांनी ताडपत्र्या बांधल्या होत्या.

बाजारात दोन तऱ्हेची दुकाने होती. सपाटीवरून आलेल्या व्यापाऱ्यांकडे कांदे, बटाटे, लाल मिरची, गूळ, मुरमुरे, सुकी मासळी, तेल, साबण, प्लॅस्टिकच्या बादल्या आणि स्वेटर होते. त्यांच्यासमोर जमिनीवर कोरकू बाया आपापला थोडा थोडा माल घेऊन बसल्या होत्या: तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, लहान गावरान वांगी, कुटकी. त्यांच्याकडे काटा नव्हता. सारखे ढीग लावलेले होते आणि ढिगाला भाव होता. वहिनींनी घासाघीस न करता वांग्यांचा एक आणि शेंगांचे दोन ढीग घेतले. दहा वाजता भाजीची भरभराट होती, दोनच्या सुमारास निम्म्या ताडपत्र्या उतरल्या. पुढे जाणाऱ्याने दुपारच्या आधी खरेदी उरकावी आणि जेवण मागाहून करावे. कालचे दुकानदार तेथेच भेटले. त्यांच्या सायकलच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या गोण्या होत्या. “आता या भाऊ, आता समदं हाये,” असे ते आनंदाने म्हणाले.

शाळेच्या ओसरीवर बसून वहिनींनी उरलेला शिधा तपासला. सातू पाऊण किलो, डाळ अर्धा किलो, शेंगदाणे दोन मुठी, आणि दळायची राहिलेली ज्वारी. गूळ पूर्ण संपला होता, आणि थंडीत गुळाचे प्रमाण माणशी ६० ऐवजी ८० ग्रॅम धरावे, अशी दुरुस्ती त्यांनी आपल्या वहीत करून ठेवली. तेल मात्र निम्मे उरले, कारण मुक्कामाच्या घरांत फोडणी त्यांच्याच चुलीवर आणि बहुतेकदा त्यांच्याच तेलात पडली; त्यामुळे उरलेली बाटली आजींकडे पोहोचवण्यासाठी शिक्षकांजवळ दिली, पत्र्याचा डबाही त्यांच्याकडेच ठेवला.

ही वाट पुढे चुरणी गावाकडे वाढवायची आहे. तेथील बाजाराचा वार काटकुंभच्या दुकानदारांकडून लिहून घेतला, चक्की कोणत्या घरी आहे आणि वीज नसल्यास डिझेलवर चालते का हेही विचारले, आणि तीनची परतवाड्याची एसटी पकडली.